पिवळ्याची सहा अक्षरं

रविवारी लॅबची किल्ली माझ्याकडं असायची,
रजिस्टरवर सही घेऊन शिपाईमामा द्यायचे.
सातच कॉम्प्युटर चालू, माणसं अकरा,
आणि मी त्यांच्यापेक्षा
फक्त दोन रात्रींनी पुढं.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.

फळ्यावर कोनी कंस काढला.
म्हटलं, जे उघडाल ते मिटायचं,
आतलं आधी, बाहेरचं नंतर.
श्रेयांस म्हणाला, आमच्या दुकानाची शटरंच की,
आधी कपाट, मग जाळी, मग रस्त्याकडचं.
सगळे हसले, मीही हसले,
आणि माझ्याच पानात एक मिटायचं राहिलं.
मथळ्यापासून तळापर्यंत
सगळी अक्षरं जाड.
मी पडद्याकडं बघत उभी, कानशिलं तापलेली.

तबस्सुमनं चष्मा पुसला, बोट ठेवलं :
इथं बघ, तिरकी रेघ खाल्लीस.
तिचे अब्बा मिरजेत सतारीचे पडदे बांधतात.
केसभर सरकलेलं तिला दिसतं,
कुठल्याही पडद्यावर.

बिरुदेव शेवटच्या मशीनवर गप्प.
मार्केट यार्डात त्याचे वडील हळदीची पोती वाहतात,
सुट्टीत तो तोलाईच्या चिठ्ठ्या लिहितो.
रंगांचा धडा आला तेव्हा पहिल्यांदा बोलला,
"हळद कशी लिहायची?"

पिवळा म्हणजे यलो, लिही की.
त्यानं लिहिलं, बघितलं,
आणि माझ्याकडं असा वळला
जसं मी त्याला रिकाम्या पोत्याचा भाव सांगितलाय.
"ही हळद न्हवं. ही लिंबाची गोळी."

मग मी सहा अक्षरं सांगितली.
दोन तांबड्याची, दोन हिरव्याची, दोन निळ्याची,
शून्य ते नऊ, त्यापुढं ए ते एफ.
"हळदीत हिरवं कुठनं आलं?"
उजेडाची मिसळण वेगळी असते, म्हटलं,
तांबडं नि हिरवं मिळून पिवळं होतं.
पुस्तकात होतं. मलाही पटलं नव्हतं.

बाकीचे फोटो चिकटवत होते, लिंका जोडत होते,
कुणाचं तरी मांजर अख्ख्या पानभर पसरलं होतं.
बिरुदेव तासभर एकेक अक्षर फिरवत राहिला,
एक चढवायचा, थांबायचा, दोन उतरवायचा,
सौद्याच्या दिवशी ओळीनं मांडलेल्या
ढिगांपुढनं चालावं तसा.
शेवटी म्हणाला, "ही. राजापुरी. पॉलिश झालेली."

पुढच्या रविवारी खिशातून हळकुंड काढलं,
एका बाजूनं फोडलेलं,
आणि सातही मॉनिटरांपुढं धरत गेला.
पान तेच, अक्षरं तीच सहा.
पहिल्यावर मोहरी,
दुसऱ्यावर जास्त पिकलेलं केळं,
चौथ्यावर कावीळ झालेली भिंत.
खिडकीजवळच्या जुन्या डबड्यावर मात्र
बरोब्बर हळद.

"ह्यातली खरी कोणची?"

मी खडू बोटांत फिरवत राहिले.
माझ्या दोन रात्री संपल्या होत्या.
म्हटलं, माहीत नाही रे.

वाटलं, आता हे सगळे उठतील.
तबस्सुम तेवढी उठली,
खिडकी लावली,
"आता बघा," म्हणाली.
खिडकीजवळचीही हळद बदलली.
मग लाइट बंद करून बघितलं, मग मोबाइलच्या उजेडात,
हळकुंड अकराजणांच्या हातांतून फिरलं,
जो तो आपल्या पानावर वाकून
आपापला पिवळा खालीवर करत राहिला,
आणि मी, कितीतरी दिवसांनी,
फळ्याकडं पाठ करून बाकावर बसले.

सोमवारी सरांनी विचारलं,
सात नंबरच्या कीबोर्डला काय झालं?
मी रजिस्टरवर सही केली, किल्ली टेबलावर ठेवली.
त्यांनी कापसाला स्पिरिट लावून पुसलं.
ए निघाला, ई निघाला.
एफ नाही.